उपाशी मेलेल्याची हत्या कोणाच्या माथी?

रणांगणात जो पडला त्याचा मारणारा निदान सांगता येतो. पण लढाई शेकडो कोस दूर, आणि इकडे माणूस अन्नावाचून रस्त्याच्या कडेला गतप्राण झाला, तर त्याची हत्या कोणाच्या माथी? सज्जनहो, ‘त्याचे प्रारब्ध’ एवढे म्हटले की आपण मोकळे होतो. म्हणून एक घडलेली हकीकतच पुढे ठेवतो.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. पडला म्हणायचे आपले. दुसरे महायुद्ध चालू होते. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. शत्रू उतरलाच तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून इंग्रज सरकारने किनाऱ्याकडचा तांदूळ हलवला, आणि दहाएक माणसे बसतील अशा व त्याहून मोठ्या हजारो होड्या काढून घेतल्या. कित्येक मोडून टाकल्या. जिथे नदी हाच रस्ता, तिथे कोळ्याचे आणि नावाड्याचे पोट त्याच दिवशी गेले. ऑक्टोबरात मेदिनीपुरावर वादळ आले. पुढे सहा महिन्यांत तांदळाचा भाव दुपटीहून वर चढला. कलकत्त्यात युद्धाच्या कारखान्यांतील नोकरांना स्वस्त धान्याची सोय होती; खेड्यातल्या मजुराला कसली सोय?

माणसे चालत कलकत्त्याला आली. दारोदार एकच हाक, ‘फॅन दाओ’. फॅन म्हणजे भात शिजल्यावर ओतून टाकतात ती पेज. बघा, भात मागायचीसुद्धा छाती उरली नव्हती! धान्याने भरलेल्या दुकानांसमोर ती माणसे मेली. सरकारच्या चौकशी आयोगाने १९४५ साली आकडा दिला पंधरा लाख. पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन तेव्हा शांतिनिकेतनात नऊ-दहा वर्षांचे होते. त्यांनी १९८१ च्या ग्रंथात हिशेब मांडला, की १९४३ मध्ये बंगालात १९४१ पेक्षा धान्य जास्तच होते, आणि १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता.

मग मारले कोणी? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाच्या प्रकरणी घातक मोजले आहेत. अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. सुरी एकाच्याच हातात, पण घातक आठ. बकऱ्याच्या बाबतीत शास्त्र इतके बारीक पाहते, तर माणसाच्या बाबतीत डोळे मिटेल काय? होड्यांच्या हुकमावर सही करणारा म्हणेल, मी तर शत्रूला अडवत होतो. व्यापारी म्हणेल, भाव मी एकट्याने थोडाच चढवला? त्याच आयोगाने हिशेब लिहून ठेवला आहे: तांदळाच्या व्यवहारात अवाजवी नफा दीडशे कोटी, म्हणजे एका मरणामागे सुमारे हजार रुपये.

दामाजीपंतांची कथा आपण किती वेळा ऐकली! कोठार धन्याचे, किल्ली पंतांकडे. बंगालातही किल्ली होती. दुष्काळात सरकारने काय करायचे याची संहिता तयार होती, पण दुष्काळ जाहीर केला की कामे काढावी लागतात, अन्न द्यावे लागते. तो जाहीरच केला नाही. ही किल्ली न लावणाराही मी घातकांतच धरतो. आठवा जो खाणारा, म्हणजे स्वस्त धान्यावर जगलेला शहरातला कारकून, त्याला मी त्याच पंक्तीत बसवणार नाही. त्याला मिळालेल्या धान्यात त्याचा हुकूम नव्हता. मात्र दारातली हाक त्याच्या कानावर पडत होती, तेवढ्यापुरता तो सुटत नाही.

राहिले प्रारब्ध. मरणाऱ्याचे प्रारब्ध काय होते ते ईश्वर जाणे. पण मी दार लावले हे माझे क्रियमाण, त्याची भोगवटा माझ्या खात्यावर. दुसऱ्याचे प्रारब्ध आपल्या कर्माची ढाल करता येते, असे कोणत्या शास्त्रात आहे?

ही गोष्ट जुनी झाली असेही नाही. येमेन देश बहुतेक सगळा गहू बाहेरून आणतो. तिथे युद्ध भडकल्यावर एका बाजूने बंदरांची वाट अडवली, दुसऱ्या बाजूच्या लोकांनी आलेली मदत मध्येच खाल्ली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२१ अखेर तिथे ३ लाख ७७ हजार माणसे गेली असतील, आणि त्यांतली शंभरात साठेक हत्याराने नव्हे, उपासमारीने, रोगाने, औषधावाचून. सर्वांत जास्त मेली ती पाच वर्षांखालील मुले.