निरवानिरव : साधकाचे राहून गेलेले एक कर्तव्य



आपल्या सत्संगात वर्षानुवर्षे येणाऱ्या ज्येष्ठांना कधी विचारून पाहा, "तुम्ही मृत्युपत्र केले आहे का?" बहुतेक जण हसून म्हणतात, "अहो, आपले असे आहे तरी काय? सगळे त्याचेच. तो पाहून घेईल." ऐकायला हे बोलणे फार गोड वाटते. पण त्यात वैराग्य किती आणि टाळाटाळ किती, हे ज्याचे त्याने एकांतात तपासावे. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपण उघड्यावर टाकून गावाला जात नाही. मग भगवंताची ठेव म्हणून जे सांभाळले, ते बेवारस सोडून कसे जायचे?

बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य ऋषींची कथा आपल्या परिचयाची आहे. गृहस्थाश्रम सोडून जायचे त्यांनी ठरवले, तेव्हा मैत्रेयीला जवळ बोलावून ते म्हणाले की तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. त्यावर मैत्रेयीने विचारले की धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का. तेथून आत्मज्ञानाचा तो थोर संवाद सुरू झाला. प्रवचनात आपण मैत्रेयीचा प्रश्न नेहमी ऐकतो, पण त्याच्या आधीचे पाऊल नजरेतून निसटते. ब्रह्मज्ञानी पुरुषानेही घर सोडण्यापूर्वी मागे राहणाऱ्या दोघींची व्यवस्था लावण्याचाच विचार केला. 'माझे काहीच नाही' असे म्हणून ते रातोरात निघून गेले नाहीत.

महात्मा गांधींनीही आत्मकथेत लिहिले आहे की गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ उलगडताना त्यांना इंग्रजी कायद्याच्या अभ्यासाची मदत झाली. विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधी असले तरी त्यातील एक पैही त्याची नसते, ही कायद्यातील कल्पना त्यांना गीतेच्या प्रकाशात नव्याने समजली. विश्वस्ताचे काम मात्र नुसत्या भावनेने संपत नाही. त्याला हिशेब द्यावा लागतो आणि ठेव योग्य हाती सोपवावी लागते.

लिहिले नाही तर काय होते?

आपण लिहून ठेवले नाही, तर कायदा आपल्या वतीने वाटणी करतो. हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान वाटा मिळतो. वडील या पहिल्या यादीत नसतात.

स्त्रीच्या बाबतीत नियम वेगळा आहे आणि तो आपल्या अनेक भगिनींना ठाऊक नसतो. अपत्य नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्यानंतर येतात. जन्मभर नोकरी करून घेतलेले घर, ज्या बहिणीने आजारपणात उशाशी बसून सेवा केली तिच्याऐवजी, कधी तोंडही न पाहिलेल्या दिराच्या मुलांकडे जाऊ शकते. हे टाळायला दोन पानांचा कागद पुरतो.

मुलींविषयीही मन स्वच्छ करायला हवे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीही अनेक घरांत ओवाळणीच्या ताटाशेजारीच हक्कसोडपत्राचा कागद ठेवला जातो. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला, तर तो तिचा त्याग. "माहेर तुटेल" या भीतीने तिने सही केली, तर ती त्या घरावरची उधारी आहे. आपल्या घरी असा कागद निघाला, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहतो, त्यावरून आपली साधना कळते.

काय करावे?

मृत्युपत्र ही श्रीमंतांची गोष्ट नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली, भानावर असलेली कोणतीही व्यक्ती ते करू शकते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, मराठीत लिहिले तरी चालते. स्वतःची सही आणि ती सही होताना पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्याला मालमत्ता द्यायची त्यालाच साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती करून ठेवली तर पुढे वादाला वाव कमी राहतो. जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, त्यामुळे ते केले म्हणजे हातचे काही गेले असे होत नाही. गोव्यातील साधकांनी तेथील वेगळा वारसा कायदा ध्यानात घ्यावा. तेथे जवळच्या वारसांसाठी निम्मा हिस्सा राखीव असतो, उरलेल्या निम्म्याचीच व्यवस्था मृत्युपत्राने करता येते.

"बँकेत नॉमिनी लावला आहे, म्हणजे झाले" असेही अनेकांना वाटते. बँकेतील ठेव किंवा शेअर यांचा नॉमिनी सामान्यतः मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा असतो. मोठ्या मुलाचे नाव केवळ सोयीसाठी लावले असेल, तर हे आजच सर्व मुलांना सांगावे. आपल्यामागे हाच गैरसमज भावाभावांना न्यायालयात नेतो.

दुसरे टोकही धोक्याचे आहे. काही जण त्यागाच्या भरात राहते घर हयातीतच मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकतात आणि पुढे त्याच घरात पाहुण्यासारखे राहतात. बक्षीसपत्र मृत्युपत्रासारखे मनात आले तेव्हा मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने साठ वर्षांवरील व्यक्तींना एक आधार दिला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल, तर ही अट त्यात स्पष्ट लिहावी. अट लिहिणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे नव्हे. उद्या त्याच्या हातून अधर्म घडू नये, यासाठी घातलेले ते कुंपण आहे.

ज्यांच्या घरी दिव्यांग मूल आहे, त्यांना एकच चिंता रात्री जागवते. आमच्यानंतर याचे कसे होणार? अशा आईवडिलांनी जाणकार वकिलाच्या मदतीने त्या मुलासाठी खासगी न्यास करण्याचा विचार करावा. मालमत्ता न्यासाच्या नावे राहते आणि नेमलेले विश्वस्त तिचे उत्पन्न मुलासाठी खर्च करतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकही नेमून घेता येतो.

देहाचीही निरवानिरव असते. बरे होण्याची आशा उरली नाही, तर केवळ यंत्रांवर आयुष्य लांबवावे की नाही, हे आपण आधीच लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा हक्क मान्य केला आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. आपण लिहिले नाही, तर तो निर्णय अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या, रडवेल्या मुलांना घ्यावा लागतो.

दान देताना

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सेवाकार्याला काही द्यावे असे साधकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण जोडीदाराच्या डोक्यावरचे छप्पर, अविवाहित मुलीचा आधार किंवा दिव्यांग मुलाचा घास काढून दिलेले दान भगवंताला पोहोचत नाही. घरच्यांपासून लपवून दान लिहू नये. आपल्याच केंद्रातील कार्यकर्त्याला अशा मृत्युपत्राचा साक्षीदार करू नये. आणि कोणी देण्यासाठी आग्रह धरत असेल, तर तेवढ्याच कारणाने थांबावे. आधी कर्तव्य, मग उरलेल्यातून दान.

प्रिय साधकांनो, या आठवड्यात एवढा संकल्प करा. एका वहीत घर, जमीन, ठेवी, विमा, लॉकर, कर्ज आणि कोणाचे देणे असेल ते सारे लिहा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर त्याचीही नोंद करा. मग सर्व मुलामुलींना एकत्र बसवून ती वही वाचून दाखवा आणि वकिलाची वेळ घ्या. काही प्रश्न उठतील, एखादा रुसेलही. पण तो रुसवा आपण समोर असताना समजावता येतो. आपल्यामागे तोच दहा-वीस वर्षांचा खटला होतो.

वही लिहिताना एक अनुभव येईल. ज्या वस्तूपुढे दुसऱ्याचे नाव लिहिताना हात अडखळेल, तेथे आपली आसक्ती अजून शिल्लक आहे असे समजावे. त्या वस्तूपाशी थोडे थांबावे, नामस्मरण करावे आणि मग नाव लिहावे.

भगवंत आपणा सर्वांना मोकळ्या हाताने आणि मोकळ्या मनाने निरोप घेण्याचे बळ देवो, हीच प्रार्थना.