कापडावरची देवी, दाराबाहेरचा भक्त

2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचे दरवाजे बंद होते. बाहेर हजारो अस्पृश्य सत्याग्रही उभे होते, नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांचे. देव आत, भक्त बाहेर.

गुजरातेतल्या देवीपूजक समाजालाही देवळाबाहेरच ठेवले गेले होते. त्यांनी देऊळच कापडावर काढले. हीच ‘मातानी पछेडी’. अहमदाबादचे चितारे ती आजही रंगवतात. कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, लोखंडाचा गंज गुळात आंबवून काळा रंग करायचा आणि बांबूच्या काडीने रेघा ओढायच्या. तुरटी लावलेला भाग रंगात उकळला की लाल होतो. मधोमध मंडपात देवी, भोवती भक्तांच्या रांगा, आणि नवसाचा बोकड घेऊन निघालेला भुवा, म्हणजे देवीचा पुजारी.

या देवी ओळखायच्या त्यांच्या वाहनांवरून. मेलडी काळ्या बोकडावर, बहुचरा कोंबड्यावर, खोडियार मगरीवर, विहत म्हशीवर. वणीच्या गडावरची अठरा हातांची सप्तशृंगी महिषासुराला मारणारी आहे आणि गडाच्या पायऱ्यांपाशी त्याचे शिर पुजले जाते. पछेडीतली विहत मात्र त्याच जातीच्या जनावराच्या पाठीवर निवांत बसते. पोथीतल्या देवीपेक्षा ही देवी गावाच्या अधिक जवळची आहे.

पण रंगवलेली देवी ही खरी देवी का? भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत. दगडाच्या मूर्तीच्या जोडीला त्यात चित्र आहे, वाळूची मूर्ती आहे, मनातली प्रतिमाही आहे. नवरात्रात आपल्या घरी घट बसतो, तिथेही आवाहन केले की देवी येते. शास्त्राच्या कसोटीवरही पछेडी कुठे उणी पडत नाही.

मग नाशिकच्या सत्याग्रहींनी कापडावर राम काढून का भागवले नाही?

कारण देव कुठे राहतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता. मंदिरात शिरल्याने सगळी दुःखे संपतील, असे आंबेडकर मानत नव्हते. हिंदू समाज आपल्याला माणूस मानतो की नाही, हे त्यांना पाहायचे होते. काही वर्षांच्या झगड्यानंतरही दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पछेडीने भक्ताला देवी मिळवून दिली. दार बंद करणाऱ्यांना मात्र तिने जाब विचारला नाही. तो नाशिकने विचारला.

आज पछेड्या संग्रहालयांत मानाने टांगल्या जातात आणि त्यांचे रंग वाखाणले जातात. देवळाची दारे कुणी आणि कुणासाठी बंद केली होती, हेही त्यांच्या शेजारच्या पाटीवर ठळक लिहायला हवे.