सुधारणा म्हणजे दोष काढणे की गुण घालणे?

स्वस्त हेडफोन सुधारण्याचे उपाय मोजके आहेत : कानावरच्या गाद्या बदलणे, घट्ट हेडबँड सैल करणे, कपाच्या आत फेल्ट किंवा स्पंज बसवणे आणि इक्वलायझरने आवाजाचा तोल सावरणे. ध्वनी निर्माण करणारा ड्रायव्हर यांपैकी कोणत्याही उपायाने बदलत नाही. तरीही आवाज बदलल्याचे ऐकणाऱ्याला स्पष्ट जाणवते. मग सुधारले ते काय? मुळात चांगल्या असलेल्या आवाजापुढचा अडथळा दूर झाला, की नसलेला चांगुलपणा बाहेरून आणून घातला गेला? भारतीय प्रमाणशास्त्रात ज्ञानाविषयी याच धर्तीचा वाद आहे. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादानुसार ज्ञान स्वभावतःच यथार्थ असते. कारणांत दोष शिरला तरच ते बिघडते. नैयायिकांच्या परतःप्रामाण्यवादानुसार दोष नसणे पुरेसे नाही; यथार्थ ज्ञान उपजण्यासाठी कारणांत काही गुणही असावा लागतो.

न्याय-वैशेषिक मतात शब्द हा आकाशाचा गुण आहे आणि श्रोत्रेंद्रिय म्हणजे कर्णविवराने मर्यादित झालेले आकाशच. आधुनिक ध्वनिशास्त्र आकाशाच्या जागी हवेच्या दाबातील चढउतार मानते. मात्र कानातली पोकळी हा ऐकण्याच्या क्रियेचाच एक घटक आहे, हा विचार हेडफोनला तंतोतंत लागू पडतो. ड्रायव्हर, गादी, कानाची पाळी आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा मिळून एक कप्पा होतो. गादी जाड झाली की ड्रायव्हर कानापासून दूर जातो; तिचे आवरण मखमली किंवा सच्छिद्र असले की हवेला वाट मिळते. म्हणून हेडफोनचा आवाज केवळ यंत्रात नसतो. यंत्र आणि डोके यांच्या संयोगातून तो ठरतो.

या संयोगातले काही बिघाड निःसंशय दोष आहेत. बंद प्रकारच्या हेडफोनची गादी चष्म्याच्या काडीमुळे गालापासून किंचित उचलली गेली, तर त्या फटीतून दाब निसटतो आणि बेस खालावतो. कपाच्या प्लास्टिकचा स्वतःचा कंप मुळात नसलेली घुमघुम मिसळतो. सुपरलक्स या तैवानी कंपनीच्या एचडी ६८१ या स्वस्त मॉडेलचा ट्रेबल टोचतो, म्हणून हौशी मंडळी ड्रायव्हरसमोर टिश्यू पेपरचा किंवा स्पंजचा पातळ थर लावतात. अशा ठिकाणी मीमांसकांचे म्हणणे पटते. पित्तदोषामुळे शंख पिवळा दिसतो, या शास्त्रातल्या जुन्या उदाहरणात पांढरेपणा कोणी नव्याने रंगवत नाही. पित्त उतरले की पुरते. फट बुजली की बेसही तसाच परत येतो.

सगळे दोष काढल्यावर उरेल तो शुद्ध ध्वनी, असे मात्र म्हणता येत नाही. मोठ्या माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर ती स्वतःच वाढवते. समोरून येणारा नैसर्गिक आवाजही पडद्यापर्यंत असाच फुगून पोहोचतो. पडद्यापाशी सर्व स्वर समान पातळीवर ठेवणारा हेडफोन यामुळेच मंद आणि अंतर पडल्यासारखा वाटतो. निर्दोषपणाची सरळ रेषा येथे उपयोगी पडत नाही. कोणती वक्ररेषा योग्य, हे ठरवावेच लागते. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१० च्या दशकात हार्मन कंपनीत केलेल्या संशोधनातून अशी एक रेषा पुढे आली. चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरवर ऐकल्यासारखा तोल श्रोत्यांना आवडतो, या निरीक्षणावर ती उभी आहे. ध्वनिमुद्रणही कोणत्या तरी खोलीत, कोणत्या तरी स्पीकरवर ऐकूनच सिद्ध झालेले असते. त्यामुळे मूळ आवाजाशी निष्ठा या कल्पनेलाही पक्का पाया मिळत नाही. या टप्प्यावर नैयायिकांची बाजू वरचढ होते : गुण स्वतंत्रपणे सांगावा लागतो. तो श्रोत्यांच्या पसंतीवर ठरत असल्याने एकट्या वस्तूचा धर्म राहत नाही, आणि अनेकांच्या पसंतीची सरासरी असल्याने एकाची लहरही ठरत नाही.

सुधारणा झाली हे कळते कसे, हा पुढचा प्रश्न. न्यायमतात ज्ञानाचे प्रामाण्य सफल प्रवृत्तीवरून अनुमानाने कळते : पाणी समजून जवळ गेलेल्याची तहान भागली, तर ज्ञान खरे. श्रवणात ही परीक्षा अवघड आहे, कारण अपेक्षा कानाच्या आधी निकाल देते. फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की स्पीकर डोळ्यांना दिसत असताना दिलेली पसंती आणि पडद्याआड ऐकून दिलेली पसंती वेगळी पडते. किंमतही भरवशाची खूण नाही. येरून ब्रेबार्ट यांच्या २०१७ मधील अभ्यासात हेडफोनची किंमत आणि त्याचा स्वरतोल यांच्यात संबंध आढळला नाही. शिवाय थोडा मोठा आवाज बहुधा चांगला वाटतो. म्हणून गादी बदलण्याआधीचा आणि नंतरचा आवाज समान पातळीवर आणल्याशिवाय तुलना प्रमाण मानता येत नाही.

आरामाचे स्वरूप याहून वेगळे आहे. कान दुखत असल्याची जाणीव चुकीची ठरवता येत नाही. वेदना स्वसंवेद्य असते आणि तिला दुसऱ्या पुराव्याची गरज नसते. आराम मुख्यतः अभावरूप आहे. न्यायसूत्रांत अपवर्गाची म्हणजे मोक्षाची व्याख्या दुःखापासूनची आत्यंतिक सुटका अशी केली आहे. चांगल्या गादीचे कामही, अगदी लहान प्रमाणात, दाब, घाम आणि टोचणी यांची जाणीव पुसणे एवढेच असते. पण आराम आणि आवाज एकमेकांना बांधलेले आहेत. हेडबँड पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवला की पकड सैल होते, आणि फार सैल झाली की पुन्हा फट पडून बेस जातो.

कठोपनिषदातला श्रेयस (हितकर) आणि प्रेयस (प्रिय) हा भेदही येथे लागू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित आहे. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. बेस आणि पातळी चढवत नेणे प्रिय असले तरी हितकर नाही. नीट बसणारी गादी बाहेरचा गोंगाट अडवते आणि कमी आवाजात काम भागते, तेव्हा आराम, स्पष्टता आणि हित एकाच दिशेने जातात.

यावरून दोन्ही मतांची क्षेत्रे आणि त्यांचा क्रम ठरतो. बसणी, फट आणि कंप यांबाबत दोष काढणे हीच सुधारणा. स्वरतोलाबाबत गुण घालावा लागतो. दोषनिवारण आधी येते, कारण फट हेडफोन घालताना दर वेळी बदलते आणि इक्वलायझरची ठरावीक दुरुस्ती बदलत्या दोषाला पुरी पडत नाही. गुणाधानालाही मर्यादा आहे. लहान ड्रायव्हरवर बेस बेसुमार वाढवला तर त्याचे पटल क्षमतेबाहेर हलते आणि आवाज फाटतो. तेथे वस्तूचा स्वभाव संपतो. त्यापुढे हेडफोन सुधारत नाही, बदलावा लागतो.