ज्याला त्याला वेगळं ऐकू येतं

मोबाइलच्या आत बसणाऱ्या अँटेनांची रचना करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, माहेर वसमतचं. औंढ्याला देवदर्शनाला निघालं की भाचा हटकतो, "आत्या, देव सगळीकडं आहे तर तिथंच कशाला जायचं?" प्रश्न जुनाच. याच औंढ्यात पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांना सांगितलं, अशी कथा आहे, की जिथं देव नसेल तिथं माझे पाय नेऊन ठेव.

मला विसोबा पटतात, पण अर्धेच. लहरही सगळीकडं असते. ती पकडायला मात्र आकार लागतो. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर लांब, फोन जेमतेम १६. लॅन जेन चू यांनी १९४८ मध्येच दाखवून दिलं, की अँटेना लहान केली की वारंवारितेचा पट्टा अरुंद होतो. रुंदच हवा तर कार्यक्षमतेवर पाणी सोडावं लागतं. कितीही डोकं लढवा, यातून सुटका नाही. देव काही लहर नव्हे, हे मलाही कळतं. पण माणसाच्या हाती त्याचं एखादं टोकच येणार असेल, तर ते औंढ्यात आलं म्हणून बिघडलं कुठं?

एकीनं भागत नाही म्हणून फोनमध्ये अनेक अँटेना घालतो. त्या शेजारीशेजारी बसवल्या की एकीची ऊर्जा दुसरीच गिळते आणि दोघींना तेच ते ऐकू येतं. मग एक वरच्या कडेला, दुसरी बाजूला आडवी, मधल्या तांब्याच्या थरात फट. गंमत अशी, की मोकळ्या माळावर या खटाटोपाचा फायदा कमी. भिंतींवर आपटत, वाकड्या वाटांनी लहर आली की प्रत्येकीला निराळं मिळतं, आणि त्या निराळेपणामुळंच जास्त माहिती वाहते.

'सगळे संत एकच सांगतात' हे वाक्य त्यामुळं मला खटकतं. नरसीचे नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, दळणकांडण करणारी जनाबाई. सगळ्यांनी एकच ऐकलं असतं तर एकानं सांगून भागलं असतं. पंढरपूरच्या महाद्वाराबाहेरून चोखोबांना जो विठ्ठल कळला, तो गाभाऱ्यातल्या बडव्याला कळणं शक्य नव्हतं.

इथं मात्र माझा धंदा तोकडा पडतो. अँटेना कोपऱ्यात मी बसवते, तिचं काम नीट व्हावं म्हणून. चोखोबांना अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलं ते माणसांनी. त्यातून थोर अभंग निघाले म्हणून ते ठेवणं रास्त ठरत नाही. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असं परंपरा सांगते. समाधी झाली तीही महाद्वारापाशी, बाहेरच. दलितांना आत जायला १९४७ उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.