भुकेल्याची राजीखुशी

'तो स्वतःहून तयार झाला होता, आणि त्याला पैसेही दिले होते.' बेघर माणसांना एकमेकांशी झुंजवून, त्यांना जीवघेण्या करामती करायला लावून किंवा नुसते डिवचून त्याचे व्हिडिओ काढणारे कुठेही सापडले की हीच दोन वाक्ये पुढे करतात. ती ऐकली की समोरचा गप्प होतो. पैसे दिलेत, तो राजी होता, मग तक्रार कशाची? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला आहे. त्यातला सर्वांत मोलाचा भाग आपल्याच देशात लिहिला गेला, पण तो अजून मोबाइलच्या पडद्यापर्यंत पोचलेला नाही.

अमेरिकेतली गोष्ट आधी सांगतो, कारण हा धंदा तिथे उघडपणे झाला. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ ला मेसा नावाचे गाव आहे. तिथे रस्त्यावर राहणारा रुफस हॅना हा एकेकाळचा सैनिक, पुढे दारूच्या आहारी गेलेला. रायन मॅकफर्सन नावाचा तरुण आणि त्याचे साथीदार त्याला दारू आणि थोडे डॉलर देत. त्या बदल्यात दुकानातल्या ढकलगाडीत बसून जिन्यावरून खाली यायचे, डोक्याने दारे फोडायची, आपल्याच बेघर मित्राशी मारामारी करायची. एका मारामारीत मित्राचा पाय मोडला. चित्रफितीचे नाव होते 'बमफाइट्स'. ते नाव रुफसच्या बोटांवर गोंदवून घेतले आणि मित्राच्या तर थेट कपाळावर. २००२ मध्ये ही चित्रफीत बाजारात आली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. खटला झाला, पण शिक्षा झाली ती बेकायदा झुंज भरवण्याच्या कटाबद्दल, आणि तीही सुरुवातीला समाजसेवेची. कपाळ ज्याचे गोंदले गेले त्याच्या प्रतिष्ठेला त्या गुन्ह्याच्या नावात जागा नव्हती.

वाचताना वाटते, हे तिकडचे. पण गरिबाच्या अंगावरचे वळ बघायला गर्दी जमणे मराठवाड्याला नवे नाही. आमच्या धाराशिव, तुळजापूर, उमरगा भागात पोतराज आणि कडकलक्ष्मी ज्यांनी पाहिले नाहीत असे जुने माणूस सापडणार नाही. उघडे अंग, मोकळे सोडलेले केस, कपाळभर मळवट, कमरेला खणांचा घागरा, पायात घुंगरू. बाई मरीआईचा देव्हारा डोक्यावरून उतरवून ढोलकं घुमवते आणि तो कोरडा फिरवून स्वतःच्या पाठीवर ओढतो. आवाज आधी येतो, वळ मागून दिसतो. काही जण दंडात दाभण टोचून घेत. पोरे भेदरून आईच्या पदराआड जात, पण बघणे सोडत नसत. मग सुपातून ज्वारी यायची, एखादे नाणे पडायचे.

या दृश्यात आणि त्या चित्रफितीत एक फरक आहे, आणि तो मी लहान मानत नाही. कोरडा पोतराजाच्या स्वतःच्या हातात असे. किती जोराने ओढायचा, कधी थांबायचे, हे तो ठरवी. बघणारा समोर उभा असे, त्याला पोतराजाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागे आणि ओंजळ रिकामी करावी लागे. मरीआईचे भय पोतराजाच्या बाजूने असे. तरीही या प्रथेचे गोडवे गायला मी तयार नाही. ती कुणी हौसेने निवडलेली कला नव्हती. ती जातीने वाट्याला आलेली भीक होती, घरातल्या मुलाला नवस म्हणून वाहिलेली. पार्थ पोळके यांचे 'आभरान' हे आत्मकथन पोतराजाच्या घरातूनच आले. ज्या घागऱ्याकडे गाव गमतीने बघत होते तो घरातल्यांच्या अंगावर काय करतो, हे कळायला मराठी वाचकाला तिथपर्यंत थांबावे लागले.

राजीखुशीच्या बचावावर एक मोठा घाव मराठी मुलखातच बसला. जून १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत वाघ्या-मुरळी, देवदासी, जोगतिणी, आराधी यांच्या सभेत बोलले. पोटाचे काय, हा तिथला खरा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. बाबासाहेबांची भूमिका होती की पोट भरण्याचे दुसरे मार्ग शोधता येतील, पण माणूस म्हणून जगायचे तर हा मार्ग सोडलाच पाहिजे. त्या काळी ही भूमिका कठोर वाटली असणार. मला ती त्या माणसांविषयीच्या आदरातून आलेली वाटते. तुमच्या भुकेने दिलेली संमती ही तुमची संमती नाही, असे त्यांना कुणीतरी सांगत होते.

कायदा मात्र वेगळ्या वाटेने चालला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८७ होते. अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल तर मृत्यू किंवा जबर दुखापतीचा हेतू नसलेली इजा गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते. त्याखालचे उदाहरण आहे दोघांनी करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचे ठरवल्याचे. दोन बरोबरीची माणसे, दोघांच्या हातात तलवार, दोघांची पोटे भरलेली. आता तो कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी कलम २५ मध्ये हेच उदाहरण कायम आहे. संमती कधी खरी धरायची नाही, हे कलम २८ सांगते: भीतीपोटी दिलेली, गैरसमजातून दिलेली, वेडाच्या किंवा नशेच्या भरात काय चालले आहे हे न कळता दिलेली, बारा वर्षांखालच्या मुलाने दिलेली. रुफस हॅनासारख्या दारूड्याला या यादीत कदाचित आसरा मिळेल. पण दोन दिवसांच्या उपाशी, शुद्धीवर असलेल्या माणसाला नाही. भूक त्या यादीत नाही.

भुकेची दखल कायद्याने घेतली, पण भलत्या ठिकाणी. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंध कायद्यात भिक्षा मिळवण्यासाठी जखम, व्रण किंवा व्यंग दाखवणे म्हणजे भीक मागणे, आणि त्यासाठी माणसाला पकडून संस्थेत डांबता येते. नाचून-गाऊन, खेळ करून भिक्षा घेणेही त्यातच. पोतराज यात सापडला, डोंबारी सापडला. दुसऱ्याला पुढे करून भीक मिळवणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे, पण भीक न मागता, दुसऱ्याची जखम पडद्यावर दाखवून पैसे मिळवणारा माणूस तेव्हा कुणाच्या कल्पनेत नव्हता. आज तोच सगळीकडे आहे आणि या व्याख्येच्या बाहेर आहे. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याशी झुंजायला लावणे त्यात गुन्हा ठरले, कारण प्राण्याची संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. माणूस बोलू शकतो, हो म्हणू शकतो, आणि त्याचा तो होकारच त्याच्या विरुद्ध वापरला गेला.

निर्णायक वळण आले १९८२ मध्ये. दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामे सुरू होती आणि मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सरकारी बाजूला सोपा आधार होता: मजूर स्वतःहून आले, कुणी बांधून आणले नाही. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालाने तो पुसून टाकला. राज्यघटनेच्या कलम २३ मधली सक्ती म्हणजे फक्त काठीची किंवा कायद्याची सक्ती नव्हे. भूक आणि दारिद्र्य माणसापुढे दुसरा मार्गच ठेवत नसतील तर तीही सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबणारा माणूस वेठीलाच धरलेला असतो.

कळंब, वाशी, भूम या तालुक्यांत हा निकाल समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कारखान्यांकडे निघतात, ती पट्टा पडेपर्यंत उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहतात. अंगठा दिला म्हणजे माणूस राजी होता, असे इथे शहाणे माणूस म्हणत नाही. उचल कुठल्या पावसाळ्यात, कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या दवाखान्यासाठी घेतली, हे सगळ्यांना माहीत असते. कामाच्या बाबतीत आपल्याला जे कळते, ते करमणुकीच्या बाबतीत का कळू नये? पाचशेची नोट दाखवून म्हाताऱ्या भिकाऱ्याला चिखलात लोळायला लावणारा आणि मजुराला निम्म्या पगारात राबवणारा, या दोघांनी एकाच गोष्टीचा फायदा घेतलेला असतो. भगवतींचा निकाल मजुरीपुरता दिला गेला हे खरे, पण त्यातला विचार मजुरीपाशी थांबणारा नाही.

तुळजापूरला बारमाही भाविक येतात आणि आश्विनात तर सोलापूरच्या रस्त्याने पायी चालणाऱ्यांची रांग तुटत नाही. मोठ्या तीर्थक्षेत्री घर नसलेली माणसेही येऊन राहतात. कुणाला घरच्यांनी टाकलेले असते, कुणाचे मन थाऱ्यावर नसते. अशा माणसाला विशिष्ट शब्दाने चिडवायचे, तो शिव्या देत दगड उचलतो तेवढा तुकडा टिपायचा आणि त्याला गाणे जोडून रील टाकायची, हा प्रकार आता गावोगाव चालतो. राजस्थानात लोहावटला भंगार गोळा करणाऱ्या एका वृद्धाचे असेच झाले. लोक त्याला एका शब्दाने छेडत आणि त्याचे व्हिडिओ पसरवत राहिले. २०२४ मध्ये त्याने गळफास घेतला. इथे नोट दिली होती असाही बचाव नाही. पोतराजाच्या हातातला कोरडा बघणाऱ्याच्या हातात गेला आहे, आणि ज्वारी घेऊन कुणी बाहेर येत नाही.

ही वाट पुढे कुठे जाते ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षेसाठी आले. चौघे आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले, पाचवा कर्नाटकातला. पिढ्यान्‌पिढ्या पालात राहून, गावोगाव फिरून पोट भरणारी माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ आधीपासून फिरत होते. संशयावरून त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथे ठेचून मारले. मारताना मोबाइल सुरू होते आणि त्या चित्रफिती राज्यभर पोचल्या. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

राईनपाड्याला करमणूक म्हणायला जीभ धजत नाही, पण ती चित्रफीत ज्या हातांनी पुढे ढकलली ते हात करमणुकीचेच होते. ती बघून कुणाला माहिती मिळणार नव्हती, कुणाचा जीव वाचणार नव्हता. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला ओळखणारे, त्याच्या बाजूने उभे राहणारे गावात कुणी नसते, म्हणून त्याला मारणेही सोपे आणि बघणेही सोपे. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्याचे निर्देश दिले आणि व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. संमतीबद्दल इतकी वर्षे चाललेला वाद इथे अपुरा पडतो. प्रश्न आता फक्त समोरच्याने हो म्हटले का, एवढा राहिलेला नाही. बघणाऱ्याला ते बघण्याचा हक्क कुणी दिला, हाही आहे.

स्पेनमधल्या एका न्यायालयाने या दिशेने पाऊल टाकलेले आहे. बार्सिलोनात २०१७ मध्ये एका यूट्यूबरने बिस्किटांतले क्रीम काढून टूथपेस्ट भरली आणि ती रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला वीस युरोंच्या नोटेसोबत दिली. २०१९ मध्ये त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा आणि वीस हजार युरोंची भरपाई ठोठावली गेली. गुन्हा धरला तो माणसाच्या प्रतिष्ठेच्या भंगाचा. जखम किती खोल, हे तिथे मोजले गेले नाही आणि नोट दिल्याने सुटकाही झाली नाही.

रुफस हॅनाने पुढे दारू सोडली. बॅरी सोपर नावाच्या घरमालकाने त्याला काम आणि आसरा दिला. दोघांनी मिळून पुस्तक लिहिले आणि बेघरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदे व्हावेत म्हणून रुफस जागोजाग बोलत राहिला. २००९ मध्ये मेरीलँड राज्याने बेघरांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्ह्यांत धरले. २०१७ मध्ये रुफस मोटार अपघातात गेला. ज्याला पडद्यावर नुसता मार खाताना पाहिले होते, तो माणूस बोलू लागल्यावर कायदा हलला.

आपल्याकडे बोलायला लागण्याच्याही आधीची पायरी आहे ती उपचाराची. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवले, त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे बेघर, मनोरुग्ण स्त्रियांना घर देतात. ज्याला गाव वेडा म्हणून चिडवत होते तो औषध सुरू झाल्यावर आपले नाव, गाव, तालुका सांगतो, हा या कामातला नेहमीचा अनुभव आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे हद्दीत भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे आणि चोवीस तासांत त्याला तपासणीसाठी सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे आहे. रस्त्यावरच्या बेघराला अंघोळ घालून, दाढी करून त्याचे आधीचे-नंतरचे व्हिडिओ टाकणाऱ्या भल्या तरुणांनाही मी हेच सांगेन की कॅमेरा खिशात ठेवा आणि ११२ ला फोन करा.

नवरात्रात तुळजापुरात मंदिर संस्थान, नगरपरिषद आणि पोलीस वाहनतळांचे आणि दर्शनरांगांचे फलक लावतात. त्यांच्याच शेजारी, महाद्वाराजवळ आणि बसस्थानकावर, आणखी एक लावावा: निराधार किंवा मनोरुग्ण व्यक्तीला डिवचून चित्रीकरण केल्यास कारवाई होईल, अशी व्यक्ती दिसल्यास पोलिसांना कळवा. आणि कलम १०० खाली त्या दहा दिवसांत किती जणांना दवाखान्यात पोचवले, हा आकडा पोलिसांनी कोजागरीनंतर जाहीर करावा.