कणीक कोणी तिंबावी?

पार्सिपनीत रूट ४६ च्या आसपास देशी दुकानांत २० पौंडी आट्याची पोती सहज मिळतात. त्यामुळे शब्बाथचा पाव गव्हाच्या पूर्ण पिठाचा, तोही घरीच, करावा असे आम्हांस वाटू लागले. मग वाद निघतो: यंत्राने तिंबलेला पाव कमी मोलाचा काय?

तसे आम्ही मानीत नाही. गणना पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात कणकेचा पहिला भाग अर्पण करण्याची आज्ञा आहे. तिंबली कोणी, ही चौकशी तेथे नाही. कोकणातल्या आपल्या आज्या तर तांदळाची भाकरी थापीत, आणि ज्या पाच धान्यांना ही आज्ञा लागू, त्यांत तांदूळ बसतच नाही. म्हणून त्यांच्या श्रद्धेला कोणी उणी म्हणेल काय?

तरी हाताला एक गोष्ट कळते. कोंडा पाणी सावकाश पितो. चिकटते म्हणून पीठ घालीत गेलात, तर पावाची वीट होते. अर्धा तास झाकून ठेवा, तीच कणीक वळते. हा धीर बटण दाबून येत नाही. मात्र हाताच्या श्रमांची थोरवी सांगणारे पुरुष परातीपाशी क्वचितच दिसतात. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईला ती ऐकवण्याआधी, बंधूंनो, बाह्या सरसावा. दहा मिनिटांत हात चांगलेच भरून येतात.