दारं उघडी आहेत, पाय तुमचे अडलेत

फोन पालथे ठेवा आणि इकडे बघा. वह्या आज परत मिळणार नाहीत. परत देण्यासारखं त्यांत काही नाही.

'माझं शहर' या विषयावर चार पानं लिहायला सांगितली होती. अट एकच होती. मुंबईतली एखादी जागा, एखादा कार्यक्रम, एखादी वस्ती स्वतः जाऊन बघायची आणि तिथे काय पाहिलंत, कोणाशी बोललात, ते लिहायचं. मुदत भरपूर दिली होती. हाती काय आलं? मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त, वांद्र्याचा कॅफे, मॉलमधलं फूड कोर्ट, आणि वहीमागून वहीत तेच एक वाक्य, की मुंबई कधी झोपत नाही. एका शहाण्याने तर शेवटी लिहून टाकलंय, मुंबईत धावपळीशिवाय काही नाही, कला-संस्कृती बघायची तर पुण्याला जावं. ते वाचून माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

तुमच्यातले निम्मेअधिक विरार गाडीने येतात. चौथ्या सीटसाठी रोज भांडता. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला बुरुड राजाचा कोट म्हणतात तिथे काय आहे, कोण सांगेल? हात वर करा. कोणी नाही. तिथे बौद्ध स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडी पेटी निघाली, पेटीत तांब्याचा करंडक, आणि त्याच्या पोटात एकात एक बसवलेल्या चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या डब्या आणि सगळ्यांत आत सोन्याची डबी. त्या सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे बारीक बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते इतक्या जिवापाड जपले होते. शूर्पारक म्हणून ज्या बंदराचं नाव जुन्या ग्रंथांत येतं, ते हे तुमचं सोपारा. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथेच सापडला. तुम्ही त्या गावाला 'लांब आहे, पाणी नाही, भाडं कमी आहे' यापलीकडे काही समजत नाही.

आणि ते अवशेष आज आहेत कुठे? एशियाटिक सोसायटीकडे, फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये. त्याच टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून तुम्ही रील काढता. पांढरे खांब मागे छान येतात, एवढंच तुम्हाला त्या इमारतीचं कौतुक. १८०४ साली ही संस्था सुरू झाली, १८३३ साली ही इमारत पुरी झाली. दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत त्या संग्रहात आहे, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्याच वास्तूत आहे. तिसाव्या पायरीपर्यंत चढून दारातून आत डोकावलेलं तुमच्यात कोण आहे, तेही विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे.

एकीने जहांगीर आर्ट गॅलरीवर अडीच ओळी खरडल्यात. 'मस्त वाटलं, एसी होता.' ऊठ, उभी राहा. तुलाच नाही, सगळ्यांना सांगते आहे, म्हणून ऐका. १९५२ पासून ती गॅलरी काळा घोड्याला उभी आहे. आत जायला तिकीट नाही. तिथलं दालन मिळावं म्हणून चित्रकार अर्ज करून वर्षानुवर्षं थांबतात. नंबर लागला की कुठून कुठून माणसं येतात, कर्ज काढून फ्रेमा करतात, चित्रं टेम्पोत घालून आणतात आणि मग आठवडाभर तिथेच बसून राहतात. दाराशी एक टेबल असतं. टेबलावर अभिप्रायाची वही, किमतींचा कागद, आणि बाजूच्या खुर्चीत तो माणूस. तुम्ही चौघं-पाचजणं आत शिरता, त्याच्या कॅनव्हासला पाठ लावून फोटो काढता, मोठ्याने हसता आणि निघून जाता. तो बघत असतो. त्याला एक प्रश्न विचारायला तुमचं काय जातं? हा रंग असा खरबरीत कसा केलात? ही बाई कोण? हे चित्र किती दिवस चाललं होतं? तासभर बोलेल तो. त्याला तेवढ्यासाठीच कुणीतरी हवं असतं.

चित्र कळत नाही म्हणता. नसेल कळत. न कळण्याची लाज नाही, कळून न घेण्याची आहे. एका चित्रापुढे पाच मिनिटं गप्प उभे राहा. पहिल्या मिनिटाला नुसता विषय दिसतो, दुसऱ्याला कंटाळा येतो. तो कंटाळा सोसलात तर मग दिसतं की उजेड एकाच बाजूने येतोय, एक हात मुद्दाम अर्धा सोडलाय, खालच्या थराचा तांबडा वरच्या करड्यातून डोकावतोय. हे शिकायला शिकवणी लागत नाही. थांबावं लागतं, आणि ते तुमच्या अंगवळणी नाही.

आता लालबागच्या वहीकडे येते. नाव घेत नाही, तू मान खाली घातलीस तेवढं पुरे. आजोबा गिरणीत होते, हे तूच मागे वर्गात सांगितलं होतंस. आणि चार पानं लिहिलीस लोअर परळच्या मॉलवर. तो मॉल ज्या जागेवर आहे ती फिनिक्स मिल होती. आवारात गिरणीची चिमणी उभी आहे. तिच्याखालून शॉपिंगच्या पिशव्या घेऊन गेलीस आणि वर बघावंसंही वाटलं नाही? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा साच्यावर गेले नाहीत. ही तुझ्या घरची गोष्ट आहे. ती तुला पुस्तकातून मी सांगायची?

पण गिरणगाव म्हणजे नुसता संप आणि हाल, असंही समजू नका. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांनी मुंबईची कला उभी केली. पाळी सुटली की भजनाला बसायची, सुट्टीला दशावतार, नमन, बाल्या नाच. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातल्या गावोगावच्या मंडळांनी नाटकं केली. दिवसभर कापसाचा फुफाटा छातीत घेऊन रात्री तोंडाला रंग लावायचा, याला काय लागतं ते जरा मनात आणा. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आई-वडिलांबरोबर चालत मुंबईत आले. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. नारायण सुर्वे गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेलं पोर. शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक, आणि 'माझे विद्यापीठ' लिहून गेले. नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' १९७२ चं, ते तर कामाठीपुऱ्याच्या गल्लीतून उठलं. यातल्या कोणाला वेळ होता? कोणाकडे पैसे होते?

तुमची सबब मात्र तीच. वेळ नाही. त्या फोनमध्ये दिवसाला किती तास गेले याचा आकडा असतो, तो आत्ता उघडून शेजारच्याला दाखवा. पैशांचं म्हणाल तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं तिकीट तुमच्या एका कोल्ड कॉफीच्या निम्म्यानेही नाही. १८७२ साली ते संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तिथे मातीत घडवलेल्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत, या शहरात कोण कोण माणसं राहत होती, काय नेसत होती, कोणतं पागोटं बांधत होती, ते एकेका कपाटात दिसतं. बाहेर बागेत दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तो हाच. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना त्याचे तुकडे झाले, पुढे ते सांधून इथे उभा केला. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला रांग लावता, हत्तीच्या अंगावरचे सांधे बघायला पन्नास पावलं चालवत नाहीत.

आता जे सांगते ते मला सगळ्यांत जास्त लागलं. एका वहीत लिहिलंय, 'सहा डिसेंबरला दादर टाळावं, फार गर्दी असते.' बस्स, एवढंच. अरे, ती गर्दी कशाची आहे? विदर्भातून, मराठवाड्यातून माणसं दोन-दोन रात्री प्रवास करून चैत्यभूमीला येतात. तासन्‌तास रांगेत उभी राहतात. आणि दर्शन झालं की शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या स्टॉलपुढे गर्दी करतात. लुगड्यातली म्हातारी पदराची गाठ सोडून नातवासाठी पुस्तक घेते. तिला अक्षर येत नाही, विकणाऱ्याला ती विचारते, 'बाबासाहेबांचं हाय ना?' शाहिरांचे फड लागलेले असतात, भीमगीतं चाललेली असतात. पुस्तकांसाठी इतकी माणसं उन्हात उभी राहतात, असा दुसरा मेळा मला ठाऊक नाही. जवळच हिंदू कॉलनीत राजगृह आहे, ग्रंथांना जागा हवी म्हणून बाबासाहेबांनी बांधलेलं घर. या सगळ्याला तुम्ही ट्रॅफिकची अडचण म्हणालात. वही फाडावीशी वाटली मला.

वरळी कोळीवाड्यातल्या मुलाने नारळी पौर्णिमेवर एक ओळ लिहिलेली नाही. गिरगावातल्या तिघांनी खोताच्या वाडीचं नाव काढलेलं नाही. मशीद बंदरला उतरून घाऊक बाजारात जाणाऱ्यांना मांडवीतलं सिनेगॉग माहीत नाही. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली बांधलेलं, लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे, स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात. ही बेने इस्रायल मंडळी घरात मराठी बोलत, धर्मकथांची कीर्तनं मराठीत करत. तुमच्या भाषेत परमेश्वराला आळवणारी माणसं या शहरात राहत होती, अजून थोडी आहेत, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. शेजाऱ्याचा सण कधी येतो ते विचारायला कुठल्या अ‍ॅपची गरज आहे?

नाटकाबद्दल थोडक्यात सांगते. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने नाटकं केली. शाळेचा हॉल, ना झगमगाट ना गाद्यांच्या खुर्च्या. तिथे नव्या पोरांनी नवं नाटक रुजवलं, कारण समोर बसायला माणसं येत होती. प्रेक्षकाशिवाय नाटक उभं राहत नाही. प्रायोगिक नाटकाला तीस-चाळीस टाळकी जमतात, आणि त्यांतला एकजण खिशात फोन वाजवतो. तो तुमच्यातला निघाला तर माझ्या वर्गात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आणि 'चांगलं काही येतच नाही' हे वाक्य, ज्याने वर्षभरात एकही तिकीट काढलेलं नाही, त्याने माझ्यापुढे बोलायचं नाही.

हे शहर तुमच्या हातात देताना आधीच्या माणसांनी रक्त आटवलंय. तुम्ही गेला नाहीत तर हॉल लग्नाला जातात, ग्रंथालयांच्या खोल्या गोदाम होतात, वाड्या पाडून टॉवर होतात. मग छाती बडवायला तुम्हीच पुढे येणार. तेव्हा मला ते ऐकवू नका.

निबंध पुन्हा लिहायचा आहे. प्रत्येकाने एकच जागा घ्यायची, शक्यतो स्वतःच्या घराजवळची. दोनदा जायचं, एकदा एकट्याने. तिथल्या एका माणसाशी बोलायचं, पहारेकरी असो, ग्रंथपाल असो, मूर्तिकार असो, आणि त्याने काय सांगितलं ते त्याच्या शब्दांत लिहायचं. 'स्वप्ननगरी', 'स्पिरिट', 'कधीच झोपत नाही' यातलं काही दिसलं की मी पान उलटणार नाही. इंटरनेटवरून उतरवलेलं मला ओळखू येतं, त्याला शून्य.

जहांगीर फुकट आहे. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं, बाकीचे सहा दिवस उघडं आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी वह्या माझ्या टेबलावर हव्यात.